समलैंगिक म्हणून फौजेतून काढलं, आता डिस्चार्जचा फेरविचार होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २४ वर्षं फौजेत क्लार्क होतो. आता लातूर जिल्ह्यातल्या माझ्या गावी राहतो आणि आसपासच्या माजी सैनिकांची कागदपत्रं बघून देतो. कुणाच्या बायकोचं नाव रेकॉर्डला चुकीचं लागलेलं असतं, कुणाची आई फॅमिली पेन्शनसाठी हेलपाटे घालत असते. ही कामं दिवसा होतात, ओसरीवर, चहा पीत. काही पोरं मात्र अंधार पडल्यावर येतात. मोटारसायकल मारुतीच्या पारापाशी लावून चालत येतात, बराच वेळ पावसापाण्याचं बोलतात आणि मग पिशवीतून कागद काढतात. समलैंगिक असल्याच्या कारणावरून फौजेनं त्यांना घरी पाठवलेलं असतं. गावात अजूनही लोक विचारत असतात, "काय मेजर, सुट्टी किती दिवसांची?"

खालचे प्रश्न त्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. मी वकील नाही. अर्ज करायची वेळ आली की लष्करी प्रकरणं चालवणारा वकील घ्याच. पण वकिलापर्यंत पोचायच्या आधीच पुष्कळ काही हातचं निघून जातं, म्हणून हे लिहितोय.

माझ्या डिस्चार्जच्या कागदावर समलैंगिकतेचा शब्दच नाही. मग दाद कशाविरुद्ध मागू?

बहुतेकांच्या कागदावर तो नसतोच. 'सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड', म्हणजे तुमच्या सेवेची आता गरज नाही, असं लिहिलेलं असतं. नाहीतर 'शिस्तीला बाधक वर्तन'. कधी वर्षभरात बारीकसारीक कारणांवरून लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, चार नोंदी होतात, परेडला उशीर झाला, वरिष्ठाला उलट बोलला, आणि त्या चार नोंदींवर नाव कापलं जातं.

असा एक कागद मी स्वतः टाइप केला आहे. परभणीकडचा पोरगा होता, सात वर्षांची सर्व्हिस, बॉक्सिंगच्या टीममध्ये. बराकीत कुणीतरी त्याचा मोबाईल उघडून पाहिला आणि दोन दिवसांत सगळ्या कंपनीत झालं. त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली, तिच्यात मोबाईलचा उल्लेखही नव्हता. नोटिशीचं उत्तरसुद्धा मला आधीच टाइप करून ठेवायला सांगितलं होतं : "मला काही म्हणायचं नाही." तो आला, उभ्या उभ्या वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. आपल्या भागातला माणूस आहे, काहीतरी सांगेल, असं त्याला वाटलं असणार. मी पेन पुढे केलं. त्यानं सही केली. त्या चार शब्दांनी त्याची अर्धी केस तिथंच संपवली, आणि ते शब्द त्याचे नव्हतेच. मला आजही तो टेबल दिसतो.

म्हणून आधी एक वही घ्या आणि काय घडलं ते तारखांसह लिहून काढा. मोबाईल कधी पाहिला, कुणी बोलावलं, पहिली लाल नोंद त्याच्या किती दिवसांनी झाली. पाच वर्षं स्वच्छ रेकॉर्ड आणि मग तीन महिन्यांत चार नोंदी, असं दिसलं तर ते बरंच काही सांगतं. डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा असतो, तोही बघा. शेरा 'व्हेरी गुड' आणि आदेशात बेशिस्त, अशी विसंगती मी पाहिली आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम २३ सांगतं की जवान किंवा जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर), त्याला कोणत्याही प्रकारे सेवेतून कमी केलं तरी, कमांडिंग ऑफिसरनं त्याला प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीतही. कुणाच्या अधिकारानं काढलं, का काढलं आणि एकूण सेवा किती झाली, या तीन गोष्टी त्यात असायला हव्यात. तुम्हाला मराठीतला कागद मिळाला होता का? नसेल, तर तो मागा.

डिसमिस आणि डिस्चार्ज यांत फरक काय? घरी तर दोन्हींनीच बसलो.

फरक मोठा आहे, सगळा पैसा त्याच्यावर अवलंबून असतो. डिसमिस म्हणजे बडतर्फी. ती कोर्ट मार्शलच्या, म्हणजे लष्करी खटल्याच्या, शिक्षेनं होते किंवा कलम २० खाली वरिष्ठांच्या आदेशानं. डिस्चार्ज होतो कलम २२ आणि १९५४ च्या आर्मी रूल्समधल्या नियम १३ खाली. तो प्रशासकीय असतो, त्यात शिक्षा नसते. तुमच्या आदेशावर कलम आणि नियमाचा आकडा असतो. मला फोन करणाऱ्याला मी सर्वात आधी तो आकडा वाचून दाखवायला सांगतो, कारण पुढची वाट त्या आकड्यावर ठरते.

३७७ कलम गेलं ना? मग फौजेत समलैंगिक असणं गुन्हा कसा राहिला?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर प्रकरणात निकाल दिला. दोन सज्ञान माणसांनी संमतीनं, खाजगीत ठेवलेले संबंध त्या दिवसापासून गुन्हा राहिले नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ सारखं कलमच नाही.

पण फौजेचा कायदा वेगळा आहे. आर्मी ॲक्टच्या कलम ४६ मध्ये 'क्रूर, असभ्य किंवा अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तना'ला सात वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ४५ अधिकारी आणि जेसीओंच्या अशोभनीय वर्तनाबद्दल आहे. कलम ६३ म्हणजे सुव्यवस्था आणि शिस्तीचा भंग, त्यात काहीही बसवता येतं. ही तिन्ही कलमं २०१८ नंतरही तशीच आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नं संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा दिली आहे, सरकारी वकील पहिला आधार तिचाच घेतो. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं होतं की असे संबंध लष्करात चालणार नाहीत. व्यभिचाराच्या कलमाचंही तसंच झालं. २०१८ मध्ये ते रद्द झालं, पण सैन्यदलं आपल्या कायद्याखाली त्याबद्दल कारवाई करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या केसमध्येही हा दाखला समोर येईल, तेव्हा तो माहीत असू द्या.

तरी हे नीट वाचा. ही सगळी कलमं वर्तनाबद्दल आहेत. माणूस मनानं कसा आहे, त्याला कोण आवडतं, याबद्दल आर्मी ॲक्टमध्ये एक ओळही नाही. म्हणजे काढताना नेमकं वर्तन दाखवावं लागतं, त्याचा पुरावा लागतो, चौकशी लागते. 'हा तसला आहे' हा कोणत्याही कलमाखाली आरोप होत नाही. माझ्या मते सगळ्या लढाईचं मूळ इथंच आहे.

मला २०१८ च्या आधी काढलं. आता निकाल बदललाय, तर जुनं प्रकरण उघडेल का?

इथं मी कुणाला खोटी आशा लावत नाही. नवतेज निकालातच न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहून ठेवलंय की या निकालामुळे संपलेले खटले पुन्हा उघडणार नाहीत. जे खटले, अपिलं किंवा फेरतपासण्या चालू असतील त्यांत मात्र निकालाचा आधार घेता येईल. म्हणजे तुमचं अपील किंवा अर्ज त्या वेळी कुठं पडून असेल, तर दार उघडं आहे. ३७७ खाली कोर्ट मार्शल होऊन सगळं संपलं असेल, तर फक्त नव्या निकालाच्या जोरावर पुन्हा जाणं अवघड आहे.

अशा वेळी चौकशीतल्या चुकांवर बोट ठेवावं लागतं. त्या चुका तेव्हाही चुकाच होत्या. आणि प्रशासकीय डिस्चार्ज हा खटलाच नसतो, त्यामुळे 'संपलेला खटला' हा शब्द त्याला लागू होतो का, हा मुद्दा वकिलाशी जरूर बोला.

भारतात यासाठी खास मंडळ आहे का?

नाही. लैंगिक कलामुळे काढलेल्यांच्या डिस्चार्जचा फेरविचार करणारं वेगळं मंडळ आपल्याकडे नाही. बाकी सैनिकांचा जो रस्ता, तोच तुमचा.

जवानाची आणि जेसीओची तक्रार कलम २६ खाली, अधिकाऱ्याची २७ खाली. कोर्ट मार्शल झालं असेल तर कलम १६४ खाली अर्ज. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते स्थापन झालं आणि २००९ पासून चालू आहे. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. निवृत्त न्यायमूर्ती आणि फौजेतला निवृत्त वरिष्ठ अधिकारी असे दोघं मिळून ऐकतात. नांदेड, परभणी, जालन्याकडची माणसं देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरतात, लातूरकरांना लातूरची गाडी आहे. प्रत्येक तारखेला तुम्ही हजर असायलाच हवं असं नाही, वकील असला की पुष्कळ तारखा तोच निभावतो.

न्यायाधिकरणानं नाकारलं तर उच्च न्यायालयात रिट करता येतं. मधल्या काळात यावर गोंधळ होता, तो मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिटवला. आधी वरिष्ठांकडे दाद मागितली नसेल तर न्यायाधिकरण साधारणपणे अर्ज घेत नाही, म्हणून पहिली पायरी ओलांडून पुढे पळू नका.

मुदत किती असते?

अंतिम आदेशापासून सहा महिने. वरिष्ठांकडे तक्रार देऊन सहा महिने झाले आणि उत्तरच आलं नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. मग मात्र एक दिवसही रेंगाळू नका.

औसा तालुक्यातला एक जण माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात एक लांबट खाकी पाकीट होतं, न फोडलेलं. त्याच्या तक्रारीचं उत्तर होतं ते. पोस्टमननं आईच्या हातात दिलं, आईनं त्याच्या हातात दिलं आणि त्यानं ते काळ्या ट्रंकेत घडी घातलेल्या वर्दीखाली ठेवून दिलं. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर, नाव, युनिट. आई दर दिवाळीला ती वर्दी बाहेर काढून इस्त्री करायची, कारण पोरगा 'लांबच्या सुट्टीवर' आहे असं तिला सांगितलेलं होतं. त्यानं पाकीट माझ्यासमोर फोडलं तेव्हा आदेशाला आठ महिने झाले होते.

मुदत टळली तरी सबळ कारण दाखवून विलंबमाफीचा अर्ज करता येतो, कायद्यातच तशी तरतूद आहे. तो आम्ही केला. मानसिक अवस्था, डॉक्टरची चिठ्ठी, पाकिटावरचा शिक्का, सगळं जोडलं. प्रकरण चालू आहे. पण ते आठ महिने लाजेत गेले. आपल्या भागातली अशी बरीच प्रकरणं कायद्यात हरायच्या आधी ट्रंकेतच हरतात. ज्याला हे वाचून स्वतःचं पाकीट आठवलं, त्यानं ते आज रात्री फोडावं.

न्यायाधिकरणात कोणते मुद्दे टिकतात?

'माझ्यावर अन्याय झाला' एवढं म्हणून भागत नाही. नियम मोडला कुठं, ते दाखवावं लागतं.

सगळ्यात जास्त कामाला येतो आर्मी रूल १८०. ज्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत चौकशीत, एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर ठपका येऊ शकतो, तिथं त्या माणसाला पूर्ण वेळ हजर राहू द्यावं लागतं, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारू द्यावे लागतात, स्वतःचे साक्षीदार आणू द्यावे लागतात. या विषयावरच्या चौकशा बहुतेकदा बंद दाराआड उरकल्या जातात. पोराला शेवटी पाच मिनिटं बोलावतात, सही घेतात. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर ते बारकाईनं लिहा : कोणत्या खोलीत, कोण बसलं होतं, किती वेळ. कोर्ट मार्शल झालं असेल तर त्याआधीची नियम २२ खालची सुनावणी नीट झाली का, तेही बघा. तिथंही उलट प्रश्न विचारायचा हक्क असतो.

लाल शाईच्या नोंदींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा वीरेंद्र कुमार दुबे निकाल आहे. चार नोंदी झाल्या म्हणून डोळे झाकून डिस्चार्ज करता येत नाही, आधी चौकशी हवी आणि सेवेचा काळ, कामाची जागा वगैरे विचारात घ्यायला हवं, असं त्यात म्हटलंय. त्या जवानाला मागचा पगार मिळाला नाही, पण पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो सेवेतच होता असं मानून पेन्शन मिळालं. तुमच्यासारख्या अनेकांच्या दृष्टीनं हाच खरा विजय असतो.

समरी कोर्ट मार्शल झालं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. एकटा कमांडिंग ऑफिसर चालवतो अशी ही पद्धत तातडीच्या आणि अपवादाच्या प्रसंगासाठी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं. घटनेला सहा महिने उलटल्यावर एवढी कसली घाई होती, असा प्रश्न तुमच्या वकिलानं विचारायला हवा.

या सगळ्यावर घटनेचा मुद्दा येतो. खाजगी आयुष्य हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात सांगितलं, आणि लैंगिक कल हा त्या खाजगीपणाचा भाग आहे असंही. अर्जात तो जरूर मांडा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. नियम १८० मोडल्याचा पुरावा हातात असेल तर न्यायाधिकरणाला अनुच्छेद ३३ च्या वादात न शिरताही तुम्हाला दिलासा देता येतो.

मला मनोरुग्ण ठरवून मेडिकल बोर्डातून घरी पाठवलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये तेच सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार समाजाच्या नैतिक चौकटीत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. बोर्डाच्या कागदाची प्रत मिळवा आणि आजाराचं नाव काय लिहिलंय ते बघा.

कधी नैराश्य खरंच आलेलं असतं. बराकीत महिनोन्‌महिने टोमणे खाल्ल्यावर येणारच. ते सेवेमुळे आलं असं दाखवता आलं तर अपंगत्व पेन्शनचा मार्ग खुला होऊ शकतो. तो वेगळा दावा आहे, वकिलाला आवर्जून सांगा. आणि आत्ता जगणं नकोसं वाटत असेल तर कागद बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा, टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

पेन्शनचं काय?

जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं सेवा लागते, अधिकाऱ्याला २० वर्षं. डिस्चार्ज असेल आणि तेवढी सेवा झालेली असेल, तर पेन्शनचा दावा उभा राहतो. बडतर्फी असेल तर आधीच्या सगळ्या सेवेचं पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जाते. अपवाद म्हणून सरकार ते देऊ शकतं, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून वकील कधीकधी बडतर्फीचं डिस्चार्जमध्ये रूपांतर करा, एवढीच मागणी करतात. ऐकायला ती किरकोळ वाटते, पण बारा-पंधरा वर्षं घालवलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य तिच्यावर असतं.

पेन्शन थकलं असेल तर ते दर महिन्याला नव्यानं होणारं नुकसान मानतात, उशीर झाला तरी दावा मरत नाही, पण थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. बडतर्फीच्या आदेशाला ही सवलत नाही. त्याची मुदत त्या आदेशापासूनच मोजतात.

ज्याच्याबरोबर माझं नाव जोडलं तो माझा वरिष्ठ होता, आणि त्यानं जबरदस्ती केली होती.

मग तुम्ही आरोपी नाही, पीडित आहात. हे दोन विषय एकत्र होऊ देऊ नका. चौकशीत पुष्कळदा दोघांनाही एकाच मापानं मोजतात आणि कमी पट्ट्या असलेला घरी जातो. तुमच्या जबाबात 'संमती' हा शब्द कुणी घातला असेल तर तो कसा आला ते लिहा. उलट बाजूही सांगतो : तुम्ही वरिष्ठ होता आणि समोरचा तुमच्या हाताखालचा, तर न्यायाधिकरण संमतीकडे फार कडक नजरेनं बघेल, आणि ते बरोबरही आहे.

जुने फोटो आणि चॅट दाखवून एक जण पैसे मागतोय.

देऊ नका. धमकी देऊन पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. त्याचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट आणि तारखा जपा. पैसे देऊन थांबलेला एकही जण मी पाहिलेला नाही.

केस केली तर गावात कळेल का?

ही भीती मला सगळ्यात जास्त ऐकू येते आणि ती खरी आहे. न्यायाधिकरणाचे आदेश इंटरनेटवर येतात, नावासकट. नाव झाकून आद्याक्षरं वापरावीत अशी विनंती अर्जासोबतच करता येते. ती मान्य करणं त्यांच्या हातात आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. पत्रव्यवहाराचा पत्ता वकिलाचा द्या, म्हणजे पाकीट ग्रामपंचायतीसमोरून फिरत येणार नाही. माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून स्वतःची कागदपत्रं मागवतानाही दुसरा पत्ता देता येतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं सागरला. कोर्ट मार्शलचे कागद कायम ठेवत नाहीत, त्यामुळे हा अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका.

आम्ही आईवडील आहोत. लग्न लावून दिलं तर हे सगळं मिटेल ना?

काका, मावशी, हात जोडून सांगतो, हे करू नका. लग्नानं डिस्चार्ज रद्द होत नाही, न्यायाधिकरण लग्नपत्रिका बघत नाही. आणि पोरगाही बदलत नाही. बदलून देतो म्हणणारे डॉक्टर, बाबा, सगळे पैसे घेतात. डॉक्टरानं असे उपचार करणं हे गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. अहमदपूरकडची एक पोरगी मला माहीत आहे, जिला काही न सांगता अशा घरात दिलं. तिचा काय दोष होता? तुमचा मुलगा सियाचीनच्या थंडीत उभा राहिला असेल, तर तुमच्यासमोर खरं बोलायला त्याला त्याहून जास्त धीर लागलाय. त्याला जेवायला वाढा आणि त्याच्याबरोबर मुंबईला जा. बाप शेजारी बसलेला असला की पोराचा आवाज कापत नाही, हे मी वकिलाच्या ऑफिसात डोळ्यांनी पाहिलंय.

मी बीएसएफमध्ये, सीआरपीएफमध्ये किंवा नौदलात होतो. मी अग्निवीर होतो.

बीएसएफ, सीआरपीएफ ही गृह मंत्रालयाची दलं, त्यांना हे न्यायाधिकरण लागू नाही. त्यांनी विभागीय अपील संपवून उच्च न्यायालयात जायचं, आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. नौदल आणि हवाई दलाला त्यांचे वेगळे कायदे आहेत, पण न्यायाधिकरण तेच. अग्निवीरालाही आर्मी ॲक्ट आणि न्यायाधिकरण लागू आहे. पेन्शनचा प्रश्न त्याला नसला तरी कागदावरचा शेरा पुढच्या नोकरीत आडवा येतो.

नौदलातल्या एका खलाशाला लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर २०१७ मध्ये 'सेवेची गरज नाही' म्हणून काढलं होतं. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी त्यानंतर २०१९ चा स्वतंत्र कायदा आला आहे, तुमचं प्रकरण त्या प्रकारचं असेल तर वकिलाला हे वेगळं सांगा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया, अपंग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, न्यायाधिकरणासाठीसुद्धा. तालुक्याच्या कोर्टात समितीचं ऑफिस असतं, १५१०० हा त्यांचा फोन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. तिथं सगळं कारण सांगायची गरज नाही, 'डिस्चार्जविरुद्ध अपील करायचंय' एवढं पुरे.

दुसऱ्या देशांत काय झालं?

अमेरिकेत समलैंगिकांनी ओळख लपवली तरच फौजेत राहू देणारं 'विचारू नका, सांगू नका' हे धोरण १९९३ पासून होतं, ते २० सप्टेंबर २०११ ला संपलं. तिथं डिस्चार्ज तपासणारी कायमची मंडळं आहेत, १५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो आणि या कारणानं काढलेल्यांचे कागद सुधारून देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर संरक्षण खात्यानं आपणहून जुन्या फायली तपासून आठशेहून जास्त जणांचे डिस्चार्ज सुधारले. ब्रिटनमध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं १९९९ मध्ये चपराक दिल्यावर जानेवारी २००० मध्ये फौजेतली समलैंगिकांवरची बंदी उठली, आणि जुलै २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. आपल्या न्यायाधिकरणावर हे निकाल बंधनकारक नाहीत. पण 'असं केलं तर फौजेची शिस्त मोडेल' हा मुद्दा समोर आला की त्या फौजा आजही उभ्या आहेत, एवढं वकिलाला सांगता येतं.

पहिल्या भेटीला काय आणू?

डिस्चार्ज बुक, डिस्चार्जचा आदेश, कारणे दाखवा नोटीस आणि तिचं उत्तर, उत्तर तुम्ही स्वतः लिहिलं नसलं तरी. मेडिकलचे कागद, बँकेचं पासबुक, ती तारखांची वही. नोटीस मिळून अजून सही केली नसेल तर सही करायच्या आधी फोन करा, मध्यरात्र असली तरी चालेल. आणि पोस्टानं आलेली पाकिटं आणा, रिकामी असली तरी. शिक्क्यावरची तारीख लागते.